धुऊन टाकलेला द्रव

वंध्यत्व उपचार केंद्रात पुरुषाचा नमुना आला की प्रयोगशाळेत आधी थांबतात. डबी ३७ अंश सेल्सिअसला ठेवायची आणि वाट पाहायची. आलेलं वीर्य घट्ट, गुठळ्या झालेलं असतं. पंधरा-वीस मिनिटांत, कधी तासाभरात, ते आपोआप पातळ होतं. मग एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली जातो. शुक्राणू मोजले जातात, किती पळतात, कसे पळतात हे पाहिलं जातं. उपचारासाठी वापरायचं असेल तर बाकीचं वीर्य दाट द्रावणाच्या थरांवर सोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. चांगले शुक्राणू तळाशी बसतात. वरचा फिकट द्रव पिपेटने ओढून काढतात आणि टाकून देतात. या सगळ्याला तिथे ‘स्पर्म वॉश’ म्हणतात.

टाकून दिलेला हा द्रव म्हणजे मुळात वीर्याचा नव्वद टक्क्यांहून मोठा भाग. वृषण आणि त्याला लागून असलेली एपिडिडायमिस नळी यांचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास. साधारण दोन तृतीयांश द्रव शुक्राशयांतून येतो, उरलेला बहुतेक प्रोस्टेटमधून. एका मिलिलिटरमध्ये ३५ ते ५५ मिलिग्रॅम प्रथिनं असतात. ही प्रथिनं शुक्राणूंना नुसती वाहून आणतात, की शुक्राणूचं कामच त्यांच्यावाचून अडतं? आमच्या घरात या प्रश्नावर दोन मतं आहेत आणि दोन्ही अनुभवातून आलेली आहेत. माझे काका पशुवैद्यक. निवृत्त होईपर्यंत वळूंच्या गोठित रेताच्या प्रयोगशाळेत होते. माझी धाकटी बहीण पुण्यात भ्रूणतज्ज्ञ आहे. त्यांचं बोलणं मी एकदा नीट टिपून घेतलं. मुद्द्याचं तेवढं इथे देतो, आणि जिथे मला राहवलं नाही तिथे मधे बोललोही आहे.

सुरुवात बहिणीने केली. “काका, शुक्राणूचं काम एवढंच की बापाची गुणसूत्रं बीजांडापर्यंत न्यायची. ते काम द्रवाशिवाय होतं, हे मी रोज पाहते. १९९२ साली ब्रसेल्सला पालेर्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इक्सीने झालेल्या गर्भधारणा जाहीर केल्या, तेव्हापासून तर शंकाच उरली नाही. एक शुक्राणू सुईत घ्यायचा, शेपटी दाबून थांबवायचा आणि थेट बीजांडात सोडायचा. काही पुरुषांना जन्मतःच दोन्ही बाजूंच्या शुक्रवाहिन्या नसतात. बहुतेकांची शुक्राशयंही नसतात. वीर्य येतं ते एक मिलिलिटरसुद्धा नाही आणि त्यात एकही शुक्राणू नाही. पण वृषणात ते छान तयार होत असतात. तिथून सुईने काढायचे आणि इक्सी करायची. असे बाप आज मुलांना शाळेत सोडायला जातात. त्या मुलांच्या जन्माला शुक्राशयाचं एक प्रथिनही लागलं नाही.”

काका म्हणाले, “तू शुक्राणूला चालूच दिलं नाहीस. उचललास आणि घरात नेऊन बसवलास. मग वाटेत त्याला काय लागतं हे तुला दिसणार कसं? आणि एक सांग, त्या माणसाला शुक्रवाहिन्या नाहीत हे तुझ्या लक्षात कशावरून आलं?”

“रिपोर्टवरून. वीर्य कमी, आम्लधर्मी, त्यात फ्रुक्टोज नाही आणि गुठळी धरत नाही.”

“म्हणजे द्रवावरूनच ना? मोजायला शुक्राणू तर एकही नव्हता.”

बहीण हसली, पण मागे हटली नाही. निदानासाठी द्रव उपयोगी आहे हे तिला मान्यच होतं. काम शुक्राणूच करतो, एवढंच तिचं म्हणणं.

मग गोष्ट त्या घट्ट होण्यावर आली. नमुना आधी गोठतो आणि मग पातळ होतो, हे बहीण रोज पाहते. पण तिला तो वाट पाहण्यात गेलेला वेळ वाटतो. काकांनी तिच्याचकडून ते कसं घडतं हे वदवून घेतलं. शुक्राशयातून सेमेनोजेलिन नावाचं प्रथिन येतं. त्याचं जाळं होतं आणि शुक्राणू त्यात अडकतात. अडकलेले असताना त्यांना पुढे पळता येत नाही. प्रोस्टेटमधून पीएसए येतं. पन्नाशी-साठीनंतर प्रोस्टेटसाठी रक्तात जे तपासतात, तेच. हे पीएसए सेमेनोजेलिनचे तुकडे करतं. पण लगेच नाही. प्रोस्टेटच्या द्रवात जस्त भरपूर असतं आणि ते जस्त पीएसएला दाबून ठेवतं. सगळे द्रव एकत्र आले की सेमेनोजेलिन ते जस्त स्वतःकडे ओढून घेतं. पीएसए मोकळं होतं, आणि ज्याने त्याला मोकळं केलं त्यालाच कापायला लागतं. जाळं विरघळतं, शुक्राणू सुटतात.

“आता बघ,” काका म्हणाले, “इतकी वेळ राखून केलेली व्यवस्था नुसती वाहून नेण्यासाठी लागते का?”

या व्यवस्थेत आणखी एक प्रथिन आहे, एपिन. ते एपिडिडायमिस आणि वृषणात तयार होतं, शुक्राणूच्या पृष्ठभागावर बसतं आणि सेमेनोजेलिनला तिथे धरून ठेवतं. २००४ साली ‘सायन्स’मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या मायकेल ओ’रँड यांचा एक शोधनिबंध आला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले संशोधकही त्यात होते. नर माकडांना एपिनची लस दिली, म्हणजे त्यांच्या शरीराने एपिनविरुद्ध प्रतिपिंडं तयार करावीत. नऊपैकी सात माकडांत प्रतिपिंडांचं प्रमाण पुरेसं वाढलं, आणि त्या सातांपासून एकाही मादीला गर्भ राहिला नाही. लस थांबवल्यावर सातांपैकी पाच पुन्हा बाप होऊ शकले. पुरुषांसाठी गर्भनिरोधक शोधणाऱ्यांना यात रस वाटला तो त्यामुळेच. मला मात्र त्यातून दुसरंच दिसतं: शुक्राणू तयार होणं थांबलेलं नव्हतं, आणि तरी एका प्रथिनावर झाकण पडल्याबरोबर नर निष्फळ झाला.

बहिणीचा यावरचा आक्षेप मला रास्त वाटला. ती म्हणाली, “प्रतिपिंडं शुक्राणूला चिकटली, म्हणून तो अडला. त्यावरून एवढंच कळतं की तो अडवता येतो. निरोगी माणसात त्या प्रथिनाच्या थोड्याफार कमी-जास्तीने मूल होण्यात किती फरक पडतो, हे वेगळं दाखवावं लागेल.”

त्यावर काका आपल्या क्षेत्रात आले. इथे मी त्यांना जास्त वेळ बोलू दिलं, कारण संपूर्ण वादातली सर्वांत भरीव गोष्ट तीच आहे.

रेत प्रयोगशाळेत सकाळी पहिलं काम अंड्यांचं असतं. ताजी कोंबडीची अंडी धुवायची, स्पिरिटने पुसायची, फोडायची. पांढरं निथळू द्यायचं. उरलेला पिवळा बलक अख्खा गाळण कागदावर घ्यायचा आणि हलक्या हाताने इकडून तिकडे घरंगळवायचा. बलकाला चिकटलेलं पांढरं कागदाला लागून निघून जातं. मग बलकाचं पातळ कातडं टोचायचं आणि आतला बलक मोजपात्रात सोडायचा. कातडं कागदावरच राहिलं पाहिजे. ट्रिस बफर, ग्लिसरॉल, प्रतिजैविकं आणि शंभरात वीस भाग हा बलक, असं द्रावण करून त्यात वळूचं रेत मिसळायचं, हळूहळू थंड करायचं, पाव मिलीच्या नळ्यांत भरायचं आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचं. एका नळीत दोन कोटी शुक्राणू. गावात गाय माजावर आली की हीच नळी कंटेनरमधून निघते.

अंड्याचा बलक घातला की थंडीने शुक्राणू मरत नाहीत, हे १९४० साली अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या फिलिप्स आणि लार्डी यांनी दाखवलं. ग्लिसरॉल १९४९ साली इंग्लंडमधून आलं. कृत्रिम रेतनाची पुढची सगळी इमारत या दोन गोष्टींवर उभी राहिली. आपल्याकडे १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला बाएफ ही संस्था सुरू केली आणि संकरित गाईंचा कार्यक्रम गोठ्यागोठ्यांपर्यंत नेला, तोही गोठित रेताच्या आधारानेच. “पण आम्हाला कोणी विचारलं की बलक नक्की करतो काय,” काका म्हणाले, “तर आम्ही सांगायचो, त्यातली चरबी शुक्राणूच्या आवरणाला सांभाळते. उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं.”

उरलेलं अर्धं मॉन्ट्रिअलच्या पुट्टस्वामी मंजुनाथ यांच्या प्रयोगशाळेने उलगडलं. वळूच्या शुक्राशयांतून एका कुटुंबातली प्रथिनं येतात. त्यांना बीएसपी म्हणतात. वळूच्या वीर्यद्रवातल्या प्रथिनांपैकी जवळजवळ निम्मी हीच. शुक्राणू द्रवात मिसळला की ही त्याच्या आवरणातल्या कोलीनयुक्त चरबीला धरतात आणि आवरणातलं थोडं कोलेस्टेरॉल बाहेर ओढतात. कोलेस्टेरॉल कमी झालं की आवरण सैल होतं, आणि पुढे गाईच्या गर्भनलिकेत शुक्राणू फलनासाठी तयार व्हायला ही सैल होण्याची सुरुवात लागते. नैसर्गिक संयोगात शुक्राणू काही वेळातच द्रव मागे टाकून पुढे निघतो, त्यामुळे बीएसपीचं काम तिथेच थांबतं. बाटलीत मात्र तो तासन् तास त्याच द्रवात राहतो. बीएसपी ओढतच राहतात. आवरण इतकं कमजोर होतं की थंडी लागली की फाटतं. बलकातले कमी घनतेचे लिपोप्रोटीनचे कण या बीएसपींना पकडून ठेवतात, शुक्राणूपर्यंत जाऊच देत नाहीत. बलकाने शुक्राणू वाचतो त्याचं मोठं कारण हे.

बहीण टाळी वाजवायची बाकी होती. “म्हणजे तुमचाच द्रव तुमच्या शुक्राणूंना मारत होता! मग मी धुऊन टाकते ते बरोबरच झालं.”

“बरोबर, पण कधी?” काका म्हणाले. “पहिली काही मिनिटं तो द्रव हवाच. त्यानंतर तो नको. किती आणि किती वेळ, यावर सगळं आहे. तू धुतेस ते द्रव दुबळा म्हणून नाही, जबरदस्त म्हणून.”

या वाक्याला जुना पुरावा आहे आणि तो बहिणीच्या धंद्याच्या पायातच आहे. १९५१ साली मॅसॅच्युसेट्समध्ये एम. सी. चँग आणि ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन यांनी, एकमेकांना न विचारता, एकच गोष्ट पाहिली: ताजा शुक्राणू बीजांडाला फलित करू शकत नाही. मादीच्या शरीरात काही तास राहिल्यावरच त्याच्यात ते सामर्थ्य येतं. १९५७ साली चँगनी त्यापुढची गोष्ट केली. सशाच्या मादीच्या गर्भाशयात तयार झालेले शुक्राणू काढून त्यांत पुन्हा वीर्यद्रव मिसळला. शुक्राणूंचं सामर्थ्य गेलं. परत गर्भाशयात ठेवले तर परत आलं. म्हणजे वीर्यद्रवात असं काही आहे, जे शुक्राणूला अकाली तयार होऊ देत नाही. टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रयोगशाळेत, मँचेस्टरजवळ असो की परळला केईएम रुग्णालयात, जिथे १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून बाळ जन्माला आलं, शुक्राणू आधी धुवावे लागतात ते या शिकवणीमुळे. बहिणीला चँग ठाऊक होते. पण आपण रोज करतो ती क्रिया वीर्यद्रवाच्या ताकदीची कबुली आहे, असं तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने ते मान्य केलं.

मग तिने काकांना पेचात पकडलं. “ठीक आहे. पण तुमच्या नळीत वीर्यद्रव असतो किती? वळूच्या एकेका नमुन्यातून तुम्ही शेकडो नळ्या करता. द्रव पातळ होऊन होऊन नावापुरता राहतो. वर तो थेट गर्भाशयात सोडता. तरी गाई गाभण राहतातच की!”

काका जरा थांबून बोलले. “राहतात. पण रेत बाहेर पडतं त्याच क्षणी शुक्राणूवर द्रवाचं पुट चढलेलं असतं, नळी भरायच्या आधीच. पेरणीआधी आपण बियाण्याला बीजप्रक्रिया करतो, तसं. औषधाचा डबा शेतात नेत नाही, पण ते दाण्याला लागलेलं असतं. तू उपचारासाठी धुतेस त्या शुक्राणूंवरही ते लागलेलंच असतं. वृषणातून सरळ काढलेल्यांवर मात्र नसतं, आणि त्यांना तू कधी आपापलं बीजांडापर्यंत जायला लावत नाहीस.”

“बैल म्हणजे माणूस नव्हे,” बहीण म्हणाली. आणि इथे ती पूर्ण बरोबर आहे. बीएसपी कुटुंबातलं माणसातलं प्रथिन अत्यल्प असतं, आणि ते शुक्राशयात नव्हे तर एपिडिडायमिसमध्ये तयार होतं. घोडा, डुक्कर, उंट, प्रत्येकाचं निराळं. उंटात तर वीर्यद्रवातलं एक प्रथिन मादीच्या शरीरात बीजांड सुटायलाच कारण होतं; ते प्रथिन म्हणजे चेतातंतूंच्या वाढीसाठी आपल्याला आधीच माहीत असलेलं एनजीएफ निघालं, हे २०१२ साली कळलं. स्त्रीचं बीजांड महिन्याच्या महिन्याला आपोआप सुटतं. एका प्राण्याचा नियम उचलून दुसऱ्याला लावला की फसवणूकच होते, आणि वंध्यत्वाच्या बाजारात अशी फसवणूक रोज चालते.

म्हणून माणसातलंच उदाहरण घेऊ. मला या विषयाची ओढ लागली ती त्यामुळे.

एपिडिडायमिसमधून जाताना माणसाच्या शुक्राणूवर डीईएफबी-१२६ नावाच्या प्रथिनाचं दाट आवरण बसतं. ते शर्करेच्या साखळ्यांनी भरलेलं असतं. त्याच्या आधारे शुक्राणू स्त्रीच्या गर्भाशयमुखावरचा चिकट स्राव ओलांडतो. या प्रथिनाच्या जनुकात दोन अक्षरं गळालेली एक आवृत्ती आढळते. ती दुर्मीळ नाही. आईकडून आणि बापाकडून, दोन्ही प्रती तशाच मिळालेले पुरुष अनेक लोकसमूहांत पाचांत एकाच्या आसपास आहेत. अशा पुरुषाचा रिपोर्ट मागवा. शुक्राणूंची संख्या ठीक. पळणं ठीक. आकार ठीक. पाण्यासारख्या द्रवात ते इतरांइतकेच छान पोहतात. गर्भाशयमुखाच्या स्रावासारख्या, हायलुरोनिक आम्लाच्या जेलमध्ये सोडले की बहुतेक अडकतात. २०११ साली कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठातल्या टोलनर, चेर आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या मूल हवं असलेल्या नवविवाहित जोडप्यांत हे पाहिलं, तेव्हा दोन्ही प्रती तशा असलेल्या पुरुषांच्या बायकांना दिवस राहायला जास्त वेळ लागला आणि बाळंतपणंही कमी झाली.

म्हणजे हे पुरुष वांझ नव्हेत. त्यांना वेळ लागतो. आणि हा लागलेला वेळ कोणाच्या खात्यावर जमा होतो, हे आपण सगळे जाणतो. लग्नाला वर्ष झालं की सुनेला विचारणं सुरू होतं. दुसऱ्या वर्षी तिची सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, मग लॅपरोस्कोपी. नवऱ्याचा एक कागद येतो, त्यावर ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं, आणि त्याची फाइल मिटते. त्या कागदावर मोजलेलं असतं ते संख्या, गती आणि आकार. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली जे किमान आकडे दिले, १.४ मिलिलिटर, मिलिलिटरला १.६ कोटी, एकूण ३.९ कोटी, ते मूल झालेल्या पुरुषांच्या नमुन्यांवरून काढलेले आहेत. त्यांच्यावर असलेला पुरुष सुफल आहेच, असं ते म्हणत नाहीत. पण घरात आणि पुष्कळदा दवाखान्यातही ते तसंच वाचलं जातं. मला याचा मनापासून राग येतो.

बहिणीने यावर हरकत घेतली नाही. तिचं म्हणणं दुसरं होतं. “दोष कुठे आहे हे तुम्ही दाखवलंत. मान्य. पण माझ्या टेबलावर जो माणूस बसलाय, त्याला मी काय देऊ? वीर्यद्रवाच्या नावावर लोकांनी किती काय विकलंय बघा. जस्त वीर्यात भरपूर असतं, म्हणून जस्ताच्या गोळ्या. अमेरिकेत २३७० जोडप्यांतल्या पुरुषांना सहा महिने जस्त आणि फॉलिक आम्ल किंवा नुसत्या साखरेसारख्या गोळ्या देऊन पाहिलं. २०२० साली निकाल आला: वीर्यही सुधारलं नाही, मुलंही जास्त झाली नाहीत. आपल्याकडे अजून ‘धातू पातळ झालाय’ म्हणून पोरं पुड्या घेतात. त्या पुड्यांनी ना सेमेनोजेलिन वाढतं, ना हे आवरण जाड होतं.”

काकांनी मग वीर्यद्रवाचा मादीच्या शरीरावर होणारा परिणाम हा मुद्दा काढला. त्यांचा तिथला विश्वास जास्त आहे, माझा थोडा कमी. उंदरांतली दोन कामं मात्र पक्की आहेत. २०१४ साली जपानमध्ये दिसलं की शुक्राशयातलं एसव्हीएस-२ हे प्रथिन, आपल्या सेमेनोजेलिनचं उंदरातलं भावंड, नराकडे नसेल तर त्याचे शुक्राणू मादीच्या गर्भाशयातच मरतात. गर्भाशय त्यांना परकं समजून मारतं, आणि ते प्रथिन असताना शुक्राणू त्यातून वाचतात. त्याच वर्षी ॲडलेडच्या सारा रॉबर्टसन यांच्या गटाने शुक्राशय काढून टाकलेल्या नरांची पिल्लं पाहिली. गर्भधारणा कमी झाल्याच; शिवाय जी पिल्लं झाली त्यांतले नर मोठेपणी लठ्ठ झाले आणि त्यांचं चयापचय बिघडलं. शुक्राणूचं नुकसान हे एक कारण होतं. वीर्यद्रव न मिळाल्याने मादीच्या गर्भनलिकेत भ्रूणाच्या वाढीसाठी लागणारे संदेश बदलतात, हे दुसरं.

“आणि माणसात?” बहीण म्हणाली. “आयव्हीएफच्या वेळी स्त्रीच्या मार्गात नवऱ्याचा वीर्यद्रव सोडून बरेच प्रयोग झाले. २०१८ साली कोक्रेन या संस्थेने ते सगळे एकत्र करून तपासले. जिवंत बाळ होण्याच्या बाबतीत उपयोग होतो असं म्हणण्याजोगा पुरावा मिळाला नाही. माझ्याकडे येणारी बाई उंदीर नाही. तिला मी एवढ्यावरून काही सांगणार नाही.”

“नको सांगूस,” काका म्हणाले. “पण तिच्या बाबतीत सिद्ध झालं नाही म्हणजे ते नाहीच, असंही सांगू नकोस.”

निदानाच्या बाबतीत दोघांचं जमलं, आणि तेही बहिणीच्याच पुढाकाराने. ज्याच्या वीर्यात एकही शुक्राणू नाही त्याच्यापुढे पहिला प्रश्न असतो: शुक्राणू तयारच होत नाहीत, की वाट बंद आहे? आज त्यासाठी पुष्कळदा वृषणाचा तुकडा काढावा लागतो. २०१३ साली टोरँटोच्या द्राबोविच, जार्वी आणि डायमँडिस यांच्या गटाने वीर्यद्रवातली दोन प्रथिनं पुढे आणली. ईसीएम-१ एपिडिडायमिसमधून येतं. वाट बंद असेल तर ते द्रवात जवळजवळ दिसत नाही. टेक्स-१०१ वृषणातल्या शुक्राणू तयार करणाऱ्या पेशींचं. ते असेल तर आत काहीतरी तयार होतं आहे. ज्या द्रवात एक शुक्राणू नाही, त्यातली ही दोन प्रथिनं मोजली तर सुरी लावण्याआधी बरंच कळू शकतं. “हे मला हवंय,” बहीण म्हणाली. “ही साधी चाचणी होऊन माझ्या टेबलावर आली तर मी उद्यापासून वापरीन. तोवर मी हातातलं तरी नीट वाचते. शून्य शुक्राणूंचा रिपोर्ट आला की आधी द्रव किती, आम्लता किती, फ्रुक्टोज आहे का, गुठळी धरली का, हे पाहते. शल्यचिकित्सकाचा फोन त्यानंतर.”

काकांनी शेवटी डीईएफबी-१२६ची तपासणी ती का करत नाही, असं विचारलं. ती म्हणाली, निकालाने उपचार बदलत नाही. असं कारण न सापडणारं जोडपं असेल तर काही महिने वाट पाहून धुतलेले शुक्राणू नळीने गर्भाशयात सोडायचे, म्हणजे आययूआय; गर्भाशयमुख आपोआपच टळतं.

“त्या काही महिन्यांत बायकोच्या किती तपासण्या होतात?” काकांनी विचारलं.

तिने लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, “ज्यांच्यात दोघांचेही रिपोर्ट बरे आहेत आणि तिचं वय हाताशी आहे, त्यांना लॅपरोस्कोपीच्या आधी आययूआय का करू नये, हे मी आमच्या डॉक्टरांना विचारते. नवऱ्याच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहायचंही बंद करते. मोजलेले आकडे लिहीन, आणि काय मोजलं नाही तेही खाली लिहीन.”

काका म्हणाले, “खाली लिहीन म्हणतेस. वर लिही.”